प्रायमरीचे सुरुवातीचे पोल कसे वाचायचे, आणि डोकं फिरलं तर काय करायचं

२०२८ ची प्रायमरी, म्हणजे प्रेसिडेंटसाठी पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, अजून लांब आहे पण पोल कधीच सुरू झालेत. डेमोक्रॅट्समध्ये न्यूसम पुढे का हॅरिस का बुटिजेज, रिपब्लिकनांमध्ये व्हान्सच्या आसपास तरी कुणी आहे का, आणि असा एखादा तक्ता आला रे आला की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकजण तो टाकून "झालं, ठरलं" म्हणतो, दुसरा लगेच "सगळं आधीच सेटिंग आहे, आपल्याला विचारतंय कोण" म्हणून चिडतो, मग दोन दिवस गुड मॉर्निंगचे फोटोसुद्धा मागे पडतात. माझं दोघांनाही म्हणणं एकच आहे. मतदानाच्या वर्षभर आधीचा पोल मुख्यतः कुणाचं नाव किती लोकांना माहितीये तेवढंच मोजतो, त्यामुळे "ठरलं" म्हणणारा चुकतोय. पण त्याच आकड्यांवर डिबेटच्या स्टेजवर कोण उभं राहणार आणि पैसा कुणाकडे वळणार हे ठरतं, त्यामुळे चिडणारा पण अगदीच येडा नाहीये, फक्त चुकीच्या ठिकाणी चिडतोय. कुठे चिडायचं ते खाली येईलच.

हे लिहितोय मुख्यतः इथे सिटिझन झालेल्या, हातात मत असलेल्या आपल्या लोकांसाठी, एडिसनवाले, बे एरियावाले, डॅलसवाले वगैरे. पण ठाण्या-पुण्यात बसून रात्री जागून अमेरिकेची इलेक्शन बघणारे पण खूप आहेत, त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, एबी फॉर्म कुणाच्या खिशात आहे ते अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कळतं. इथेही पूर्वी बरंचसं तसंच होतं, १९६८ ला ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅट्सचे उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी पोरांना बदडलं, सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघितलं, मग पक्षाला नियम बदलावे लागले आणि १९७२ पासून राज्याराज्यात साध्या मतदारांनी मत द्यायचं, त्यावरून डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी) ठरायचे आणि डेलिगेटांनी उमेदवार, अशी पद्धत रुळली. सगळी राज्यं एकाच दिवशी मत देत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा, साउथ कॅरोलायना अशी मोजकी राज्यं, मार्चमध्ये सुपर ट्यूसडे, म्हणजे बरीच राज्यं एकदम मत देतात तो मंगळवार, आणि आमचं न्यू जर्सी जूनमध्ये, म्हणजे पंगत उठल्यावर. अर्धी चिडचिड तर या वेळापत्रकातच आहे.

तक्ता उघडलात की आधी तारीख बघा

आकडा नंतर. पहिलं मत पडायला किती महिने आहेत ते मोजा. २००७ मध्ये जवळजवळ वर्षभर देशभरच्या पोलमध्ये डेमोक्रॅट्सकडे हिलरी क्लिंटन आणि रिपब्लिकनांकडे रूडी जुलियानी पुढे होते, लोक न्यूयॉर्कच्या दोघांची फायनल होणार म्हणून बसले होते. ३ जानेवारी २००८ ला आयोवात ओबामा ३८ टक्के घेऊन गेले, एडवर्ड्स ३०, क्लिंटन २९. जुलियानींनी तर सुरुवातीची राज्यं सोडून सगळा डाव फ्लोरिडावर लावला, तिथे तिसरे आले आणि एकही राज्य न जिंकता घरी गेले. उमेदवारी मिळाली ती मॅकेनना, ज्यांची मोहीम त्याआधीच्या उन्हाळ्यात पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होती. त्याआधीच्या खेपेला २००३ च्या सुरुवातीला जो लीबरमन पुढे, वर्षाच्या शेवटी हॉवर्ड डीन पुढे, आणि जानेवारी २००४ मध्ये आयोवाने केरींना ३८ आणि डीनना १८ टक्के दिले. २०१५ च्या सुरुवातीला जेब बुश पुढे होते हे आज कुणाला खरं पण वाटणार नाही.

आता याचा अर्थ सुरुवातीचे पोल म्हणजे निव्वळ कचरा असा काढू नका, ही पण एक फॅशन झालीये. २००० चे बुश आणि गोर, २०१६ च्या क्लिंटन, २०२० चे बायडन, २०२४ चे ट्रम्प, हे सगळे आधीपासून पुढे होते आणि शेवटी तेच आले. मग ओळखायचं कसं? दोन गोष्टी बघा. एक, पुढे असलेला किती पुढे आहे. २०२३ मध्ये ट्रम्प बहुतेक पोलमध्ये निम्म्याच्या वर होते, आणि दहा-पंधरा जणांच्या गर्दीत कुणी २६-२८ वर असणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. दुसरी जास्त महत्त्वाची आणि ती कुणी ग्रुपवर टाकत नाही, ती म्हणजे पसंती-नापसंतीच्या तक्त्यातला शेवटचा रकाना, "नाव ऐकलं नाही" किंवा "मत नाही" असं लिहिलेलं असतं तो. समजा एकाला ३० टक्के आहेत आणि त्याला न ओळखणारा एकही माणूस नाही, आणि दुसरीला ८ टक्के आहेत पण निम्म्या लोकांनी तिचं नावच ऐकलेलं नाही, तर माझ्या मते लक्ष ठेवण्यासारखी दुसरी आहे, कारण पहिल्याला वाढायला जागा कुठाय, सगळ्यांनी त्याला बघून झालंय आणि तरी ७० टक्के लोक दुसरं कुणीतरी शोधतायत.

मग सॅम्पल, आणि इथेच सगळे फसतात

बातमीत लिहिलेलं असतं "१००० लोकांचा पोल", आणि मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, अधिक-उणे ३. बरोबर आहे, पण ते पूर्ण १००० चं. प्रायमरीचा प्रश्न त्यातल्या एकाच पक्षाच्या लोकांना विचारलेला असतो, म्हणजे साधारण ४०० उरले, आणि ४०० चं मार्जिन होतं अधिक-उणे ५. बरं ते ५ एकेका उमेदवाराच्या आकड्याला लागू, दोघांमधल्या फरकाला लावायचं तर साधारण दुप्पट धरा. म्हणजे २४ विरुद्ध १९ असा तक्ता आला तर "पाच पॉइंटांची आघाडी" वगैरे काही नसतं, कोण पुढे ते सांगता येत नाही एवढाच त्याचा अर्थ.

एक नमुना बघा. ऑगस्ट २०१९ च्या शेवटी मनमथ युनिव्हर्सिटीचा पोल आला, आमच्या न्यू जर्सीचीच युनिव्हर्सिटी, नाव चांगलं आहे तिचं. सँडर्स २०, वॉरन २०, बायडन १९. टीव्हीवर नुसता दंगा, बायडन कोसळले, शर्यत उघडी पडली वगैरे. सॅम्पल किती होता? २९८ लोक. मार्जिन ५.७. त्याच आठवड्यातल्या बाकीच्या पोलमध्ये बायडन आरामात पुढे होते, आणि दोन दिवसांत मनमथच्या पॅट्रिक मरींनी स्वतःच सांगितलं की आमचा हा पोल बाकीच्यांपासून फटकून आहे. मला विचाराल तर हा माणूस प्रामाणिक, कारण पोल करत राहिलं की मधूनमधून असा एक फटकलेला येणारच, गणितच तसं आहे, तो लपवणारे जास्त धोकादायक. तर नियम सोपा ठेवा, एकटा पोल कधी वाचू नका, महिनाभरातले पाच-सहा शेजारी ठेवा आणि शक्यतो एकाच संस्थेचा आधीचा पोल आणि आत्ताचा पोल एवढीच तुलना करा, कारण प्रत्येकाची सॅम्पल घ्यायची पद्धत वेगळी.

आणि "भारतीय अमेरिकन मतदार कुणाकडे" असं क्रॉसटॅबमधून (पोलच्या गटवार तक्त्यातून) काढून कुणी तुम्हाला सांगायला लागलं तर सरळ दुर्लक्ष करा. देशभरच्या हजार लोकांच्या पोलमध्ये आपले असून असून किती असणार, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यावरून समाजाचा कल काढणं म्हणजे काहीच्या काही. शिवाय फोन उचलतो कोण? प्यू रिसर्चने स्वतःचेच आकडे दिले होते, १९९७ ला फोन केलेल्यांपैकी ३६ टक्के लोक बोलायला तयार व्हायचे, २०१८ पर्यंत ते ६ वर आलं. आपण तर अनोळखी नंबर म्हणजे गाडीची वॉरंटी नाहीतर आयआरएसच्या नावाने फ्रॉड असं समजून कट करतो, आणि मग "आमच्यासारख्यांना कुणी विचारतच नाही" म्हणून तक्रार पण आपलीच.

प्रश्न कसा विचारलाय ते वाचा

हा भाग कंटाळवाणा वाटतो पण इथेच एका माणसाची डिबेट गेलीये. मोंटानाचे गव्हर्नर स्टीव्ह बुलक २०१९ मध्ये रिंगणात उतरले. पहिल्या डिबेटला यायचं तर तीन पोलमध्ये १ टक्का किंवा ६५ हजार देणगीदार असा पक्षाचा नियम होता. बुलक म्हणाले माझे तीन पोल झालेत. पक्ष म्हणाला त्यातला एबीसी-वॉशिंग्टन पोस्टचा चालणार नाही, कारण त्यात नावांची यादी वाचून दाखवली नव्हती, "तुमचा पाठिंबा कुणाला" एवढंच विचारलं होतं आणि लोकांनी आपल्या मनाने नाव घेतलं होतं. म्हणजे कुणी आठवण करून न देता लोकांनी बुलकचं नाव घेतलं ते धरलं नाही, आणि यादी वाचल्यावर कुणी "हां तो चालेल" म्हटलं असतं तर ते धरलं असतं. पहिली डिबेट हुकली ती हुकलीच. तर पोल बघताना हे तपासा की यादी वाचली का, यादीत किती नावं होती, आणि अजून जाहीर न केलेल्या लोकांची नावं घातलीत का. उभे राहणार की नाही हेच माहीत नसलेल्या मोठ्या नावाला घातलं की ते १५-२० टक्के खाऊन जातं, आणि ते काढलं की सगळा तक्ता बदलतो.

यादीवरून आठवलं. आयोवाचा सगळ्यात नावाजलेला पोल म्हणजे डे मॉईन रजिस्टरचा, ॲन सेल्झर करायच्या. २०२० च्या कॉकसच्या (आयोवात पक्ष गावोगाव सभा भरवून मत घेतो ती पद्धत) दोन दिवस आधी, १ फेब्रुवारीला शनिवारी रात्री, तो टीव्हीवर जाहीर व्हायचा होता, खास प्रोग्रॅम ठरलेला. आणि ऐनवेळी रद्द. झालं असं की एका मतदाराने तक्रार केली, मला फोन आला पण यादीत बुटिजेजचं नावच वाचलं नाही. शोध घेतला तर कॉल सेंटरमधल्या एका ऑपरेटरने बहुतेक स्क्रीनवरचे अक्षर मोठे करून घेतले होते, त्यामुळे यादीतलं एक नाव कडेला कापलं जात होतं, आणि नावांचा क्रम प्रत्येक कॉलला बदलत असल्यामुळे कुणाकुणाला ते झालं हे सांगता येईना. किती कॉलमध्ये झालं माहीत नाही म्हणून अख्खा पोल फेकून दिला. बुटिजेज तिथे अगदी थोड्या फरकाने डेलिगेटांमध्ये पहिले आले, त्यामुळे त्या नावाची किंमत काय होती ते बघा. अर्थात दोन दिवसांनी निकाल कळवायच्या ॲपनेच मान टाकली आणि कोण जिंकलं ते कित्येक दिवस कळलं नाही, तो आणखी एक गोंधळ.

देशाचा पोल वेगळा, राज्याचा वेगळा

देशभर एकाच दिवशी प्रायमरी कधी होतच नाही, तरी ग्रुपवर येतो तो देशभरचाच पोल. खरं बघायचं ते पहिल्या चार-पाच राज्यांचे आणि स्वतःच्या राज्याचे. डेमोक्रॅट्समध्ये एक आकडा कायम डोक्यात ठेवा, १५. राज्यात किंवा त्या काँग्रेशनल डिस्ट्रिक्टमध्ये (आपल्या लोकसभा मतदारसंघासारखं) १५ टक्क्यांखाली राहिलात तर डेलिगेट शून्य, वर गेलात तर मतांच्या प्रमाणात. त्यामुळे १४ आणि १६ मधला फरक २४ आणि २६ मधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. रिपब्लिकनांमध्ये राज्याराज्यात नियम वेगळे, मार्चच्या मध्यानंतर बऱ्याच ठिकाणी जिंकेल तो सगळं घेऊन जातो.

आणि वारं किती पटकन फिरतं ते २०२० ला सगळ्यांनी बघितलं. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, पेपरवाल्यांनी मृत्युलेख लिहायला घेतले होते. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना मोठ्या फरकाने जिंकलं, तिथले वजनदार काँग्रेसमन क्लायबर्न यांनी तीनच दिवस आधी पाठिंबा दिला होता. बुटिजेज आणि क्लोबुशार लागोपाठ बाहेर पडले आणि ३ मार्चच्या सुपर ट्यूसडेला १४ पैकी १० राज्यं बायडनकडे. ज्यांनी आयोवा-न्यू हॅम्पशायर बघून बायडनना सोडलं ते पण चुकले आणि फेब्रुवारीचे पोल बघून सँडर्सना हार घातला ते पण.

मतदानाच्या अगदी आदल्या दिवसाच्या पोलच्या आकड्यांवर पण फार भिस्त नको. मिशिगन २०१६, पोलची सरासरी क्लिंटनना २० च्या आसपास पुढे दाखवत होती, जिंकले सँडर्स. न्यू हॅम्पशायर २००८, पोलमध्ये ओबामा साधारण ८ ने पुढे, जिंकल्या क्लिंटन. प्रायमरीत मतदार एकाच पक्षातल्या चार लोकांमधून निवडत असतो, चौघंही त्याला बरेच वाटत असतात, त्यामुळे तो रांगेत उभा राहून पण बदलतो.

जाहिरातीने फुगलेला आकडा

श्री ठाणेदार सगळ्यांना माहितीयेत, बेळगावकडचे, आता मिशिगनचे काँग्रेसमन. २०१८ ला ते गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत होते, प्रेसिडेंटची नव्हे पण खेळ तोच. स्वतःचे पैसे घालून टीव्हीवर सगळ्यांच्या आधी जाहिराती सुरू केल्या आणि सुरुवातीच्या काही पोलमध्ये चक्क पुढे दिसायला लागले, आपल्या ग्रुपवर नुसता जल्लोष. ऑगस्टमध्ये मतदान झालं तेव्हा ग्रेचन व्हिटमर निम्म्याच्या वर, ठाणेदार तिसरे. कारण उघड आहे, बाकीच्यांनी जाहिराती सुरूच केल्या नव्हत्या तेव्हा ते एकटे दिसत होते. प्रेसिडेंटच्या प्रायमरीत टॉम स्टायरचं तसंच, नेवाडा आणि साउथ कॅरोलायनात पैसा ओतला, जानेवारी २०२० मध्ये तिथल्या फॉक्सच्या पोलमध्ये १२ आणि १५ टक्के आले, त्या जोरावर जानेवारीच्या डिबेटमध्ये शिरले आणि साउथ कॅरोलायनाच्या निकालाच्या रात्री बाहेर. ब्लूमबर्गनी तर जवळजवळ अब्ज डॉलर उडवले आणि जिंकलं काय, अमेरिकन समोआ, पॅसिफिकमधली चिमुकली बेटं. तर आकडा अचानक वर गेला की विचारा, या राज्यात सध्या टीव्हीवर कोण दिसतोय?

आता चिडचिडीकडे येऊ

एवढं सगळं समजलं तरी राग येतोच आणि तो बरोबर आहे. पोल नुसते मोजत नाहीत, ते दार पण उघडतात आणि बंद पण करतात. २०१५ मध्ये फॉक्सने पहिल्या रिपब्लिकन डिबेटला पोलच्या सरासरीत पहिले दहा घेतले आणि बाकीच्यांना संध्याकाळी आधी रिकाम्या हॉलमध्ये उभं केलं, दहाव्या आणि अकराव्यातला फरक मार्जिन ऑफ एररमध्ये सहज बुडेल एवढा. २०१९ मध्ये डेमोक्रॅट्सनी दर डिबेटला पट्टी वर नेली, डिसेंबरपर्यंत चार पोलमध्ये ४ टक्के आणि वर २ लाख देणगीदार, कमला हॅरिस तेव्हा पात्र होऊनही पैसे संपले म्हणून बाहेर पडल्या, कोरी बुकर पट्टीवर अडकले. पोलच कमी होतायत तर आम्ही पात्र व्हायचं कसं, अशी तक्रार अँड्र्यू यांगनी केली ती मला तरी पूर्ण पटली होती.

मतदाराच्या बाजूने बघितलं तर आणखी वाईट. ६ जून २०१६ ला संध्याकाळी असोसिएटेड प्रेसने जाहीर केलं की क्लिंटनकडे पुरेसे डेलिगेट झाले, सुपरडेलिगेटना (मतदारांनी न निवडलेले, पक्षाचे पुढारी म्हणून मत असलेले डेलिगेट) फोन करकरून बेरीज केली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीचं मतदान होतं. कसं वाटलं असेल सांगा. १५ जानेवारी २०२४ ला आयोवात तर हाडं गोठवणाऱ्या थंडीत लोक शाळांच्या जिममध्ये येऊन बसले होते, रिपब्लिकन कॉकसमध्ये आधी प्रत्येक उमेदवाराच्या बाजूने कुणीतरी भाषण करतं आणि मग चिठ्ठ्या, तर भाषणं चालू असतानाच खिशातले फोन वाजले, ट्रम्प जिंकले. सुरू होऊन अर्धाच तास झाला होता. निकाल तोच लागणार होता, ट्रम्पना ५१ टक्के मिळाले, पण अजून चिठ्ठी न टाकलेल्या माणसाला तुम्ही सांगायचंच कशाला? डीसँटिसवाले भडकले त्यात त्यांचं काय चुकलं.

आणि जुलै २०२२ च्या न्यूयॉर्क टाइम्स-सिएनाच्या पोलमध्ये ६४ टक्के डेमोक्रॅट म्हणत होते की २०२४ ला बायडन नकोत, दुसरं कुणीतरी द्या. हा पोल नीट वाचायचा होता, तो वाचला नाही. पक्षाने डिबेट घेतल्या नाहीत, फ्लोरिडात पक्षाने एकच नाव पाठवलं म्हणून डेमोक्रॅट्सची प्रायमरीच झाली नाही, आणि जुलै २०२४ मध्ये बायडनना माघार घ्यावी लागली. सुरुवातीचा पोल कोण जिंकणार हे सांगायला कच्चा असतो, पण लोक कशाला कंटाळलेत हे सांगायला चांगला असतो, हे मात्र मी ठामपणे म्हणेन.

मग करायचं काय

सगळ्यात आधी रजिस्ट्रेशन, आज, हे वाचून झाल्यावर. एप्रिल २०१६ ला न्यूयॉर्कच्या प्रायमरीत इव्हान्का आणि एरिक ट्रम्प स्वतःच्या बापाला मत देऊ शकले नाहीत, कारण दोघं रिपब्लिकन म्हणून नोंदलेले नव्हते आणि आधीपासून मतदार असलेल्यांना पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ ला संपली होती, सहा महिन्यांहून जास्त आधी. तो नियम पुढे थोडा सैल केला पण न्यूयॉर्क अजूनही बंद प्रायमरीवालंच. न्यू जर्सीत तुम्ही कुठल्याच पक्षात नोंदलेले नसाल तर मतदानाच्या दिवशी जाऊन पक्ष सांगता येतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं तर ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. टेक्सासमध्ये पक्षाची नोंदणीच नाही, त्या दिवशी ज्याची पत्रिका मागाल ती. कॅलिफोर्नियात दोन गमती आहेत. पक्ष नको असं नोंदवलेलं असेल तर घरी येणाऱ्या पत्रिकेत प्रेसिडेंटचा भागच नसतो, आधी मागणी करून डेमोक्रॅट्सची वगैरे मागवावी लागते, रिपब्लिकन तर देतच नाहीत. आणि फॉर्मवर "अमेरिकन इंडिपेंडंट" अशी एक चौकट असते, ती दिसली की आपला माणूस "मी इंडिपेंडंट, कुणाच्या गटात नाही" म्हणून खुशाल टिक करतो, प्रत्यक्षात तो १९६८ च्या जॉर्ज वॉलेसच्या काळातला कट्टर उजवा पक्ष आहे. जाऊन आपली नोंद एकदा बघाच. हे नियम बदलत असतात म्हणून दर खेपेला राज्याच्या इलेक्शनच्या साइटवर खात्री करायची, ग्रुपवर नाही.

ग्रीन कार्ड किंवा एच-वन वाल्यांसाठी, मत नाही म्हणजे नाही. डीएमव्हीमध्ये (इथलं आरटीओ) लायसन्स करताना मतदार नोंदणीची चौकट येते तिथे घाईत हो करू नका, सिटिझनशिपच्या वेळी ते भयंकर महागात पडतं. पैसे द्यायचे तर ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, एच-वनवर चालत नाही, मित्राच्या नावाने तर कुणालाच नाही. बिनपगारी काम मात्र कुणीही करू शकतं, फोन करा, घरोघरी जा.

पोलमध्ये मागे असलेल्या कुणाला स्टेजवर बघायचं असेल तर देणगीदारांच्या संख्येचा नियम तुमच्या बाजूने वापरता येतो, कारण तिथे रक्कम नाही, डोकी मोजतात. एक डॉलर दिला तरी एक डोकं. २०२३ मध्ये डग बर्गम यांना ४० हजार देणगीदार हवे होते तर त्यांनी १ डॉलर द्या आणि २० डॉलरचं गिफ्ट कार्ड घ्या अशी स्कीम काढली, आणि आले की स्टेजवर. हसायला येतं पण नियमच तसा होता. म्हणून मतदानाच्या आधीच्या वर्षात, मे-जून ते सप्टेंबर, हा तुमच्या एका डॉलरचा खरा सीझन, फेब्रुवारीत देऊन उपयोग नाही. फक्त दिल्यावर ईमेल आणि मेसेजचा जो पूर येतो त्यासाठी वेगळा ईमेल आयडी ठेवा.

कुणीच पसंत नसेल तर घरी बसण्यापेक्षा तशी पत्रिका टाका, ती मोजली जाते. मिशिगनमध्ये फेब्रुवारी २०२४ ला गाझावरून चिडलेल्या एक लाखाहून जास्त डेमोक्रॅट मतदारांनी "अनकमिटेड" (कुणालाच बांधील नाही) वर शिक्का मारला, १३ टक्के, राज्यात १५ च्या खाली पण काही डिस्ट्रिक्टमध्ये वर, म्हणून दोन डेलिगेट पण मिळाले. नेवाडात तर पत्रिकेवर "यापैकी कुणी नाही" असा आपल्या नोटासारखा पर्याय आहे, ६ फेब्रुवारी २०२४ च्या रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेलींचं नाव होतं, ट्रम्पचं नव्हतं, आणि "यापैकी कुणी नाही" ६३ टक्क्यांनी जिंकलं, हेलींना साधारण ३१. पण त्याचे डेलिगेट शून्य, कारण पक्षाने डेलिगेट दोन दिवसांनंतरच्या स्वतःच्या कॉकसला जोडले होते. म्हणून आपल्या राज्यात मत देतोय त्यातून डेलिगेट ठरतात की नुसताच देखावा आहे, हे आधी विचारून घ्या, पक्षाच्या काउंटी ऑफिसात फोन केला तर सांगतात.

शेवटचं, पोस्टाने पत्रिका येते ती आली त्याच दिवशी भरून पाठवायची घाई करू नका, निदान प्रायमरीत तरी. २०२० च्या सुपर ट्यूसडेला कितीतरी लोकांनी बुटिजेज आणि क्लोबुशारना आधीच मत देऊन टाकलं होतं, ते दोघं एक-दोन दिवस आधी बाहेर पडले, नाव पत्रिकेवर तसंच, मत गेलं ते गेलं. मिशिगनसारख्या एखाद्या राज्यात लेखी मागणी करून पाठवलेली पत्रिका रद्द करून नवीन घेता येत होती, बहुतेक ठिकाणी एकदा पाठवली की संपलं. तुमच्या आधीच्या मोठ्या राज्यांचा निकाल लागेपर्यंत ती फ्रीजवर मॅग्नेटखाली लावून ठेवा, मुदतीच्या चार-पाच दिवस आधी भरा, आणि पोस्टावर भरवसा नसेल आणि तुमच्याकडे काउंटीचा ड्रॉप बॉक्स असेल तर त्यात स्वतः जाऊन टाका, पाकिटावरची सही विसरू नका.